माहितीला कुलूप : पायथन भाषेतील कूटलेखनाची ओळख

आमचे घर कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर आहे. जवळच्याच एका शाळेत २०२२ च्या जुलै महिन्यात आम्ही आणि तेथील काही शिक्षकांनी मिळून पाचवी ते सातवीच्या शंभरावर मुलांची एक पाहणी केली. उंची, वजन, रक्तातील हिमोग्लोबिन, सकाळी काय खाऊन येतात, घरात कमावते किती, अशी ती माहिती होती. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा मोजणी करायची आणि शाळेतल्या पोषक आहाराने काय फरक पडतो ते पाहायचे, असा बेत होता. पालकांची सभा घेऊन आम्ही त्यांना शब्द दिला होता की नावानिशी माहिती कोणाच्याही हाती जाणार नाही.

पंधरवड्यातच एका मुलीची आई शाळेत आली. "बाई, आमच्या घरातलं पेठेत सगळ्यांना कसं कळलं?" एवढेच तिने वर्गशिक्षिकेला विचारले. झाले होते ते असे. यादीची छापील प्रत काढण्यासाठी फाईल पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्सच्या दुकानात नेली होती. दुकानातल्या मुलाने सवयीप्रमाणे ती आपल्या संगणकावर उतरवून घेतली, प्रत काढून दिली, आणि फाईल पडद्यावर तशीच राहिली. पुढच्या गिऱ्हाइकाने ती उघडून वाचली. 'शेरा' या रकान्यात त्या मुलीच्या वडिलांच्या व्यसनाविषयी दोन शब्द होते. दुकानदाराचा यात काही वाईट हेतू नव्हता आणि शिक्षिकेचाही नव्हता. फाईल उघडीच होती, हा खरा दोष होता आणि तो आमचा होता. (तो शेरा लिहायचीच काय गरज होती, हा प्रश्न नंतर आम्ही स्वतःला विचारला. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटत नाही. पण तो वेगळा विषय आहे.)

शाळांमधून आता हजेरी, गुण, आरोग्य-तपासणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सर्व काही संगणकात जाते. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीचा खास विचार आहे. तेव्हा फाईलीला कुलूप कसे घालावे, त्यासाठी कोणती साधने लागतात, ती संगणकावर कशी बसवावीत आणि ती वापरताना आम्ही कोठे ठेचकाळलो, हे शिक्षक मित्रांना सांगावे असे वाटले.

घरचे कुलूप

आम्ही प्रथम केले ते, थोडेफार गणित येणारा कोणीही माणूस करील तेच. स्वतःच एक कूटपद्धती बनवली. संगणकात प्रत्येक अक्षर संख्यांच्या रूपात साठवलेले असते. अशी एकेक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते आणि तिला बाइट म्हणतात. आम्ही आठ अक्षरांची एक किल्ली घेतली आणि फाईलीतील पहिल्या बाइटची किल्लीच्या पहिल्या अक्षराशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी 'एक्स-ऑर' क्रिया करत गेलो. आठ अक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून. एक्स-ऑर ही क्रिया सोपी आहे. दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत एकाखाली एक मांडायच्या. वरखाली अंक सारखे असतील तर ० लिहायचा, वेगळे असतील तर १. हिची गंमत अशी की तीच क्रिया पुन्हा केली की मूळ संख्या परत मिळते. म्हणजे कुलूप लावणारी आणि उघडणारी आज्ञावली एकच. किल्ली म्हणून आम्ही पेठेचे नाव रोमन लिपीत पाच अक्षरांत आणि त्यापुढे पिनकोडचे पहिले तीन आकडे घेतले. फाईल उघडून पाहिली तर पडद्यावर नुसता कचरा दिसत होता. आम्ही खूश झालो.

अकरावीतल्या एका विद्यार्थिनीला आम्ही ती फाईल दिली आणि आमची पद्धत सांगितली. किल्ली मात्र सांगितली नाही. मधली सुट्टी संपायच्या आत ती किल्ली घेऊन परत आली. तिने जे केले ते प्रत्येक मराठी शिक्षकाने समजून घेण्यासारखे आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

देवनागरी अक्षरे साठवण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, मग ते मूळ अक्षर असो, काना असो की वेलांटी, तीन बाइट लागतात. 'अ' म्हणजे २२४, १६४, १३३. 'व' म्हणजे २२४, १६४, १८१. पहिला बाइट सगळीकडे २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५! फरक काय तो मुख्यतः तिसऱ्यात. आमच्या फाईलीची सुरुवात 'विद्यार्थ्याचे नाव' अशी होती. यातल्या पहिल्या शब्दातच चौदा चिन्हे आहेत, म्हणजे ४२ बाइट सलग देवनागरी. त्यात ०, ३, ६, ९, १२, १५, १८, २१ या क्रमांकांच्या जागी (शून्यापासून मोजता) २२४ असणार हे न पाहताही सांगता येते. आता या आठ संख्यांना ८ ने भागा आणि बाकी लिहा : ०, ३, ६, १, ४, ७, २, ५. शून्यापासून सातपर्यंत प्रत्येक बाकी एकदा येते. ३ आणि ८ यांना सामाईक विभाजक नाही, त्याचा हा परिणाम. याचा अर्थ, पहिल्या चोवीस बाइटांतच किल्लीतल्या आठही जागांची गाठ २२४ या माहीत असलेल्या संख्येशी पडते.

पुढचे काम तोंडी हिशेबाचे. बंद फाईलीतला पहिला बाइट होता १३९.

१३९ : १०००१०११
२२४ : १११०००००
एक्स-ऑर : ०११०१०११, म्हणजे १०७

आणि १०७ हा रोमन लिपीतल्या लहान 'के' या अक्षराचा क्रमांक आहे. असे आठ वेळा केले की किल्ली हातात! मजकूर काय आहे हे कळण्याचीही गरज नाही. तो मराठीत आहे एवढे कळले की पुरे. तुमच्या वर्गात नववी-दहावीची मुले असतील तर हा प्रयोग कागद-पेन्सिलीने अवश्य करून पाहा. लसावि-मसावि शिकवताना त्याचा उपयोग विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर पुष्कळ दिवस पुरते.

सकळ लिपीची आठवण

पद्धत गुप्त ठेवली असती तर फाईल सुरक्षित राहिली असती का? मराठीच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतील आद्य गद्यग्रंथांत त्याची गणना होते. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून ते सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास सुरुवात केली. अशा अनेक लिप्या होत्या. त्यातली 'सकळ लिपी' सर्वांत प्रसिद्ध. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह योजायचे, हे तिचे तत्त्व. या एका कुलुपामुळे मराठीतला मोठा ग्रंथसंग्रह काही शतके पंथाबाहेरच्या अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली, आणि एकदा ती उलगडली म्हटल्यावर तिच्यात लिहिलेला प्रत्येक ग्रंथ वाचता येऊ लागला. सगळ्यांना एकच युक्ती लावलेली असल्यामुळे एक कुलूप निघाले की सगळी निघाली.

ठरावीक अक्षराला ठरावीक चिन्ह या पद्धतीतला कच्चा दुवा नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या पंडिताने दाखवला होता. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. चिन्ह बदलले तरी ही वारंवारिता बदलत नाही. मराठी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मुलांना द्या आणि चिन्हे मोजायला लावा. काना पहिल्या काही क्रमांकांत दिसेलच, आणि 'ङ' शोधून सापडणार नाही.

१८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या पॅरिसमधील भाषेच्या अध्यापकाने लष्करी कूटलेखनावर लेख लिहिला आणि त्यात एक कसोटी सांगितली. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली. भाषेच्या शिक्षकाने घालून दिलेली ही कसोटी आजही या शास्त्राचा पाया आहे. आमच्या घरगुती पद्धतीने ती पहिल्याच मधल्या सुट्टीत नापास केली.

या कसोटीचा पुढचा अर्थ असा की चांगली पद्धत सर्वांना दाखवावी आणि जगातल्या हुशार माणसांना ती फोडायला सांगावी. आज सर्वत्र वापरात असलेली 'एईएस' पद्धत तशीच निवडली गेली. अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ साली जाहीर आवाहन केले, १५ पद्धती स्पर्धेत उतरल्या, त्यांची उघड चिरफाड झाली आणि २००० साली योआन डामन व व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडण्यात आली. २००१ पासून ती मानक आहे. तिची किल्ली कमीत कमी १२८ द्विमान अंकांची असते, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या २ चा १२८ वा घात, सुमारे ३४ वर ३७ शून्ये. एखाद्याने दर सेकंदाला १ वर १८ शून्ये इतक्या किल्ल्या लावून पाहिल्या तरी सगळ्या संपायला सुमारे १० लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

तांब्याचा पत्रा की तयार घंगाळे?

एईएसची कृती पुस्तकात छापलेली आहे, मग ती वाचून स्वतः आज्ञावली लिहावी का? शिकण्यासाठी जरूर लिहावी, वापरण्यासाठी नको. आमच्या शेजारच्या आळीत तांबट एकेका भांड्यावर हातोडीने मठार उठवतात. पत्रा आणि हातोडी आणून आपणही ठोकायला बसू शकतो, भांडे दिसायला भांड्यासारखे होईलही. पण पाणी भरल्यावर कोठून झिरपेल ते सांगता येणार नाही. कूटलेखनात तर झिरपणे दिसतही नाही. म्हणून जाणकारांनी लिहिलेले आणि अनेकांनी तपासलेले आज्ञावलींचे संच वापरतात. त्यांना संगणकाच्या परिभाषेत लायब्ररी म्हणतात.

पायथन ही १९९१ पासूनची भाषा, शाळांतून आता बरीच परिचित आहे. तिच्यासाठी 'क्रिप्टोग्राफी' याच नावाची लायब्ररी २०१४ पासून उपलब्ध आहे आणि मोफत आहे. जुन्या पुस्तकांत 'पायक्रिप्टो' हे नाव सापडेल. तिची शेवटची आवृत्ती २०१३ सालची. पुढे तिच्यात गंभीर दोष सापडला तरी नवी आवृत्ती निघाली नाही. तिच्या वाटेला जाऊ नये. तिचीच सुधारलेली 'पायक्रिप्टोडोम' मात्र चालू आहे. नावाचे एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले तर भलतीच, प्रसंगी घातक वस्तू संगणकात शिरते, तेव्हा नाव टंकताना घाई करू नये.

लायब्ररी बसवण्याचे काम 'पिप' नावाची छोटी आज्ञावली करते. खालच्या आज्ञा आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.

पिप३ इन्स्टॉल क्रिप्टोग्राफी

शाळेच्या संगणकावर उबुंटूची २०१८ ची आवृत्ती होती. ही आज्ञा दिल्याबरोबर पडदाभर तांबड्या ओळी आल्या, आणि शेवटी 'सेटअपटूल्स रस्ट' नावाचे काही तरी सापडत नाही अशी तक्रार. रस्ट ही वेगळीच संगणकभाषा आहे. पायथनची लायब्ररी बसवताना रस्टचा काय संबंध, म्हणून आमचा एक संध्याकाळचा वेळ गेला.

कारण समजले तेव्हा ते साधे निघाले. लायब्ररीचा दर्शनी भाग पायथनमध्ये असला तरी आतली जड कामे 'ओपन-एसएसएल' या सी भाषेतील जुन्या संचाकडून करवून घेतली जातात, आणि फेब्रुवारी २०२१ च्या आवृत्तीपासून काही भाग रस्टमध्ये लिहिला जाऊ लागला. हे भाग यंत्राच्या भाषेत उतरवावे लागतात. लेखक मंडळी ते उतरवून, तयार गठ्ठा करून ठेवतात. त्याला 'व्हील' म्हणतात. पण उबुंटूबरोबर आलेला पिप इतका जुना होता की नव्या पद्धतीचे गठ्ठे त्याला ओळखता येत नव्हते. त्याने बिचाऱ्याने मूळ संहिता उतरवून घेतली आणि आमच्याच संगणकावर ती घडवायचा प्रयत्न केला. म्हणजे आम्ही घंगाळे मागवले आणि दारात पत्रा व हातोडी येऊन पडली. उपाय एका ओळीचा :

पायथन३ -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप

पिप नवा केल्यावर तीच लायब्ररी अर्ध्या मिनिटात बसली. तांबड्या ओळी पाहून रस्ट वगैरे बसवायला निघालेले काही मित्र आम्हाला माहीत आहेत; त्यांनी आधी पिपचे वय विचारावे.

उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत (२०२३ पासून) दुसरीच अडचण येते. तेथे पिप सरळ नकार देतो. संगणकाचा पायथन संगणकाच्या स्वतःच्या कामाचा आहे, त्यात ढवळाढवळ नको, असे त्याचे म्हणणे. ते योग्यच आहे. अशा वेळी आपल्या कामासाठी 'व्हेन्व' या सोयीने वेगळी खोली करून घ्यावी आणि लायब्ररी त्या खोलीत बसवावी :

पायथन३ -एम व्हेन्व खोली
खोली/बिन/पिप इन्स्टॉल क्रिप्टोग्राफी

'खोली' हे नाव आमचे आहे, कोणतेही चालेल. खोलीतला पायथन चालवायचा तर 'खोली/बिन/पायथन' असे लिहायचे.

कुलूप लावणे आणि काढणे

या लायब्ररीत दोन दालने आहेत. एकात सुटे भाग आहेत, आणि त्यांच्यावर लेखकांनी स्वतःच धोक्याची पाटी लावली आहे : काय करतो आहोत ते नीट कळत असेल तरच हात लावा. दुसऱ्यात जोडून तयार असलेले कुलूप आहे, त्याचे नाव फर्नेट. आपले काम दुसऱ्या दालनात.

फ्रॉम क्रिप्टोग्राफी.फर्नेट इम्पोर्ट फर्नेट
किल्ली = फर्नेट.जनरेट_की()
कुलूप = फर्नेट(किल्ली)
बंद = कुलूप.एन्क्रिप्ट("शाळा".एन्कोड("यूटीएफ-८"))
उघडे = कुलूप.डिक्रिप्ट(बंद).डीकोड("यूटीएफ-८")

पहिल्या ओळीत शेवटी आणि पुढे सर्वत्र फर्नेटचा 'एफ' कॅपिटल काढायचा. 'किल्ली', 'कुलूप', 'बंद', 'उघडे' ही नावे मात्र यंत्रावरही देवनागरीत चालतात, कारण पायथनच्या तिसऱ्या पिढीला नावे देवनागरीत दिलेली समजतात. वर्गात मुलांना याचे फार अप्रूप वाटते.

'एन्कोड' हा शब्द विसरला की लगेच चूक दाखवली जाते, कारण कुलूप बाइट घेते, अक्षरे घेत नाही. पूर्ण फाईल बंद करायची तर ती 'आर-बी' म्हणजे बाइटरूपात उघडून वाचावी, म्हणजे एन्कोडचा प्रश्नच उरत नाही. फाईल एका दमात स्मृतीत घेतली जाते, त्यामुळे गुणपत्रके, याद्या यांना हे ठीक. स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीला नाही.

'बंद' छापून पाहा. 'शाळा' या शब्दात चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. छापून येतात शंभर अक्षरे! हा फुगवटा कोठून आला त्याचा जमाखर्च मांडण्यासारखा आहे. सुरुवातीस पद्धतीच्या आवृत्तीचा १ बाइट. मग कुलूप कधी लावले त्या वेळेचे ८. मग १६ बाइट निव्वळ यादृच्छिक. मग खरा मजकूर. एईएस सोळा-सोळाच्या ठोकळ्यांत काम करते म्हणून बाराचे भरून सोळा केलेले. शेवटी ३२ बाइटांची मोहर. बेरीज ७३. हे बाइट छापण्याजोग्या अक्षरांत लिहिताना दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात. त्र्याहत्तरचे पंचवीस गट, म्हणून शंभर अक्षरे. यातली वेळ झाकलेली नसते, हे लक्षात असू द्या. मजकूर वाचता आला नाही तरी तो कधी बंद केला ते कोणालाही कळते.

ते सोळा यादृच्छिक बाइट कशाला? आमच्या यादीत 'सकाळी खाऊन येतो का' या रकान्यात 'होय' आणि 'नाही' एवढीच उत्तरे होती. प्रत्येक उत्तर वेगळे बंद केले आणि 'नाही'चे बंद रूप दर वेळी तेच आले, तर किल्लीविना सगळा रकाना वाचता येईल. यादृच्छिक भागामुळे तोच शब्द दोनदा बंद केला तरी दोन निराळी रूपे मिळतात. करून पाहा.

मोहरेचे काम आणखी महत्त्वाचे. समजा गुणांची यादी आमच्या जुन्या एक्स-ऑर पद्धतीने बंद केली आहे आणि एखाद्याचे ३५ गुण कोणत्या जागी आहेत ते त्याला ठाऊक आहे. '३'चा रोमन क्रमांक ५१, '८'चा ५६, आणि ५१ व ५६ यांचा एक्स-ऑर ११. बंद फाईलीत त्या जागेच्या बाइटचा ११ शी एक्स-ऑर केला की उघडल्यावर ३५ चे ८५ निघतील. किल्ली माहीत असण्याची गरजच नाही! लपवणे आणि फेरफार रोखणे ही दोन निराळी कामे आहेत. फर्नेट कुलूप काढण्याआधी मोहर तपासते. बंद मजकुरातले एक अक्षर बदला, ते 'इनव्हॅलिड टोकन' म्हणून उघडायचेच नाकारते. यासाठीच त्याच्या किल्लीचे दोन भाग असतात. एकाने मोहर उठते, दुसऱ्याने मजकूर बंद होतो.

किल्ली

ती किल्ली स्वतः ठरवू नये. मनात येणारे 'सहज' शब्द सहज नसतात. आमची पेठ-पिनकोडची किल्ली आठवा. पायथनमधला 'रँडम' हा भागही याकामी नको, कारण त्याच्या आकड्यांवरून पुढचे आकडे काढता येतात. 'जनरेट_की' संगणकाच्या प्रणालीकडून खरी अनिश्चितता मागून घेते. येथे चूक झाली तर किती महागात पडते, ते २००८ साली जगाने पाहिले. डेबियन या प्रणालीत ओपन-एसएसएलमधली निरुपयोगी वाटलेली ओळ २००६ साली कोणी तरी काढून टाकली, आणि त्यामुळे किल्ल्या बनवताना येणारी अनिश्चितता जवळजवळ नाहीशी झाली. प्रत्येक प्रकारच्या किल्लीसाठी केवळ ३२ हजारांच्या आसपास पर्याय उरले. एईएस, आरएसए सगळे जागेवर होते, गणित बिनचूक होते. आणि तरीही ही कुलुपे कोणीही बसल्या जागी उघडू शकत होता. मे २००८ मध्ये हे उघडकीस आले तोवर दोन वर्षे तशा किल्ल्या वापरात होत्या.

लक्षात ठेवता येणारा परवलीचा शब्दच हवा असेल तर त्यापासून किल्ली बनवण्याची 'पीबीकेडीएफ-२' किंवा 'स्क्रिप्ट' ही साधने लायब्ररीत आहेत. ती शब्द मुद्दाम काही लाख वेळा घुसळतात. आपल्याला अर्ध्या सेकंदाचा उशीर, तर शब्द ओळीने लावून पाहणाऱ्याला तो प्रत्येक वेळी. मात्र चार आकडी शब्द असेल तर एकूण दहा हजारच पर्याय. त्याला कोणतेही घुसळणे वाचवू शकत नाही.

आता आमची दुसरी चूक. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पाहणीची फाईल फर्नेटने बंद केली. उघडी फाईल पुसली, आणि पालकांना दिलेल्या शब्दाखातर मूळ कागदी तक्तेही फाडले. पहिले काही दिवस किल्लीची फाईल त्याच पेनड्राइव्हवर होती, म्हणजे कुलुपालाच किल्ली टांगलेली. चूक लक्षात आली तेव्हा ती तेथून काढून शाळेच्या कचेरीतल्या संगणकावर ठेवली, फक्त तेथेच. मार्च २०२३ मध्ये तो संगणक मंद झाला म्हणून दुरुस्तीला गेला आणि कोरा होऊन परत आला. आठवड्याने दुसऱ्या मोजणीसाठी आम्ही पेनड्राइव्ह घेऊन बसलो तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले. जुलैमधली एक उंची, एक वजन आमच्या हाती उरले नव्हते. फाईल धडधाकट होती, तिची मोहरही शाबूत होती.

"सर, ती मधल्या सुट्टीत उघडणारी मुलगी आहे ना?" एका शिक्षकांनी विचारले. ती होती, बारावीत गेली होती. तिने फाईल पाहिली, पहिली सहा अक्षरे वाचली, लहान 'जी' आणि पाच कॅपिटल 'ए', आणि म्हणाली, "सर, ही नाही उघडणार." चोख काम केल्याची पावती इतकी कडू आम्हाला कधी लागली नव्हती. महानुभावांच्या लिपीची किल्ली पंथातल्या जाणत्या मंडळींनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली. आम्हाला ती आठ महिने सांभाळता आली नाही. पहिल्या मोजणीवाचून तुलना होणे शक्यच नव्हते. पाहणी जून २०२३ मध्ये नव्याने सुरू करावी लागली. सातवीतली मुले तोवर शाळेबाहेर गेली होती.

नव्या फाईलीची किल्ली आम्ही कागदावर छापून ठेवली. फर्नेटची किल्ली ४४ अक्षरांची असते. ती हाताने लिहू नये. शून्य आणि 'ओ', एक आणि लहान 'एल' यांत गफलत होते. मोठ्या टाइपात छापून, शेजारी तिचा क्यूआर चौकोन काढला आणि दोन लिफाफे केले. एक मोहोरबंद करून शाळेच्या लोखंडी कपाटात, दुसरा आमच्या प्रयोगशाळेत. फाईलीच्या दोन प्रती दोन निराळ्या जागी, आणि त्यापैकी कोणतीही लिफाफ्याच्या जवळ नाही. छापतानाही काळजी घेतली : झेरॉक्सच्या दुकानात नव्हे, शाळेच्याच यंत्रावर, आणि छापून झाल्यावर ती फाईल पुसून. दर तिमाहीच्या पहिल्या सोमवारी कपाटातल्या लिफाफ्यावरून किल्ली वाचून फाईल एकदा उघडून पाहतो. लिफाफ्यावर कोणी, कधी उघडला याची नोंद होते. आतापर्यंत त्यात एकाच वेळी गडबड निघाली. क्यूआर चौकोनावर चहा सांडला होता, आणि चव्वेचाळीस अक्षरे हाताने टंकावी लागली. तिसऱ्या खेपेला फाईल उघडली.